साखर तोडली तर जठराचा कॅन्सर उपाशी मरतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील, घरात त्यांना अप्पा म्हणतात, वय ६१, सगळी हयात यंत्रमागावर गेलेली. जठराच्या खालच्या टोकाला गाठ, बायोप्सीत अ‍ॅडेनोकार्सिनोमा, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे प्रथिन वाढलेलं नाही), लिव्हरमध्ये किंवा पोटात इतरत्र पसरलेला नाही. ऑपरेशनच्या आधी द्यायच्या 'फ्लॉट' केमोच्या चार डोसांपैकी दोन झाले. मग कुणीतरी सांगितलं की कॅन्सर साखरेवर जगतो. महिनाभर साखर, गूळ, भात, भाकरी सगळं बंद. वजन ६४ किलोवरून ५३ वर आलं. आता एक जण 'मेटाबॉलिक थेरपी'चं पॅकेज देऊ करतोय: व्हिटॅमिन सी चं सलाईन, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी), कुत्र्यांच्या जंताची गोळी आणि कीटो आहार. केमो मात्र थांबवा म्हणतो. मुलाने विचारलंय, कॅन्सरच्या पेशीचं चयापचय मोडून तिला मारता येतं हे खरं आहे का, आणि खरं असेल तर आमचे डॉक्टर ते का करत नाहीत?

खरं आहे. आणि तुमचे डॉक्टर तेच करतायत. केमोच्या दिवशी संध्याकाळी अप्पांना जो पंप लावून २४ तास ठेवतात, त्यातलं औषध चयापचयावरच घाव घालतं. ते सविस्तर सांगतो, पण आधी साखरेचं बघू. मी सोलापुरात बरीच वर्षं केमो देतोय आणि ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी अभिमानाने सांगतं, "साहेब, गोड पूर्ण बंद केलंय की." पेशंट समोर खुर्चीत बसलेला असतो आणि शर्ट दोन मापं मोठा झालेला असतो.

ही साखरेची गोष्ट कुणाच्या डोक्यातून आलेली अफवा नाही. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं की गाठीतल्या पेशी ग्लुकोज भसाभसा ओढतात आणि भरपूर ऑक्सिजन असतानाही ते पूर्ण न जाळता लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकतात. (फॉरवर्डमध्ये त्याला 'कॅन्सरचं मूळ शोधल्याबद्दल नोबेल' दिलेलं असतं. १९३१ चं नोबेल त्याला श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी मिळालं.) एक ग्लुकोज पूर्ण जाळलं तर पेशीला एटीपीच्या रूपात ३० ते ३२ एकक ऊर्जा मिळते. अर्धवट सोडलं तर फक्त २. मग कॅन्सरची पेशी असा घाट्याचा धंदा का करते? वारबुर्गला वाटलं की तिचा ऊर्जेचा कारखाना, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, नादुरुस्त असतो. इथे तो चुकला. बहुतेक कॅन्सरमध्ये मायटोकॉन्ड्रिया चालू असतात.

अप्पांना हे पटकन कळेल. चादरीचा माग चालवायला वीज लागते, पण नुसत्या विजेवर चादर निघत नाही, सूत लागतं. दर एक-दोन दिवसांनी दुप्पट व्हायचं म्हटलं तर पेशीला वीज कमी आणि सूतच जास्त लागतं: नव्या डीएनएसाठी न्यूक्लिओटाइड, नव्या भिंतींसाठी चरबी, नवी प्रथिनं. अर्धवट वापरलेल्या ग्लुकोजचे तुकडे ती या कामांना वळवते. त्यासाठी पेशीच्या भिंतीवर ग्लुकोज आत घेणारी दारं वाढवते आणि एमटॉर नावाचा मुकादम बसवते, तो सतत ओरडत असतो, "माल आहे, चालू द्या". जठराच्या कॅन्सरमध्ये या मुकादमापर्यंत जाणारी तार बऱ्याचदा बिघडलेली असते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाने जठराच्या कॅन्सरचे चार रेणवीय प्रकार पाडले. त्यातल्या एप्स्टाइन-बार विषाणूशी निगडित प्रकारात सुमारे ८० टक्के गाठींत पीआयके३सीए हे त्याच तारेतलं जनुक बदललेलं सापडलं.

पेट स्कॅन याच हावरेपणावर चालतो. किरणोत्सारी फ्लोरिन चिकटवलेलं ग्लुकोज शिरेतून देतात, ते जिथे जास्त ओढलं जातं ती जागा उजळते. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत हेच चित्र दाखवून "बघा, साखर खातोय" म्हटलंय. पण त्या चित्रात मेंदूही लखलखत असतो, आणि बऱ्याचदा हृदयसुद्धा. शिवाय जठराच्या कॅन्सरचा एक प्रकार, ज्यात पेशी अंगठीच्या खड्यासारख्या दिसतात, तो पेट स्कॅनवर अनेकदा नीट दिसतच नाही. प्रत्येक गाठ साखरेची सारखीच भुकेली नसते.

आता साखर तोडण्याचं. अप्पांनी महिनाभर गोड, भात, भाकरी काही खाल्लं नाही. तरी त्यांची रक्तातली साखर आज सकाळी तपासली तर ८०-९० च्या आसपासच येईल. कारण लिव्हर. खाण्यातून साखर आली नाही की लिव्हर ती बनवायला लागतं. कच्चा माल कुठून? स्नायू फोडून निघालेल्या अमिनो आम्लांतून, आणि (हे मला नेहमीच विलक्षण वाटतं) गाठीनेच बाहेर टाकलेल्या लॅक्टिक आम्लातून. गाठ लॅक्टेट टाकते, लिव्हर त्याचं परत ग्लुकोज करतं, गाठ ते पुन्हा ओढते, आणि या फेऱ्याचं वीजबिल अप्पांचं शरीर भरतं. स्नायू आणि लिव्हरमधला हा फेरा कार्ल आणि गर्टी कोरी या नवरा-बायकोने उलगडला. १९४७ च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. म्हणजे चहातली साखर बंद करून गाठीचं ताट रिकामं होत नाही. ते ताट अप्पांच्या मांड्या आणि दंड फोडून भरलं जातं. अकरा किलो गेले ते असे, काही केमोमुळे, काही गाठीमुळे आणि काही या उपासामुळे. ६४ मधले ११ म्हणजे १७ टक्के वजन.

आणि समजा साखर खरंच कमी करता आली, तरी गाठ दुसरं खाते. ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल खाते, शेजारच्या पेशींनी टाकलेलं लॅक्टेट खाते, चरबी खाते. जठराचा कॅन्सर पसरताना पोटातल्या चरबीच्या पदराकडे, ओमेंटमकडे वळतो, आणि तिथल्या चरबीपेशींनी सोडलेली फॅटी अ‍ॅसिड्स त्याच्या पेशी वापरू शकतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. म्हणून कीटो, म्हणजे भरपूर चरबी आणि नगण्य साखर, हा आहार जठराच्या कॅन्सरला उपास घडवेल असं गृहीत धरायला मी तयार नाही. त्यातून अर्धवट अडलेल्या जठरात चरबी आणखी वेळ रेंगाळते, मळमळ वाढते ती वेगळीच.

आता पंपातलं औषध. १९५० च्या दशकात उंदरांच्या लिव्हरच्या गाठींवर काम करताना लक्षात आलं की डीएनए-आरएनएच्या कामी येणारं युरॅसिल या गाठी निरोगी पेशींपेक्षा जास्त उचलतात. चार्ल्स हायडेलबर्गर यांनी विचार केला की भुकेल्याला खोटा घास देऊ. युरॅसिलच्या पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन बसवलं. १९५७ मध्ये ५-फ्लुरोयुरॅसिल (५-एफयू) जगापुढे आलं. फ्लॉट (FLOT) या नावातला 'एफ' तो हाच. पेशी त्याला युरॅसिल समजून आत घेते. डीएनएचं एक 'सूत', थायमिडिन, तयार करणारं एन्झाइम नेमक्या त्याच पाचव्या जागेवर काम करतं. तिथे हायड्रोजन असता तर सुटला असता, फ्लोरिन सुटत नाही. धोट्यात चुकीची कांडी बसवली तर ती बसते, पण धागा सुटत नाही, आणि माग जागच्या जागी अडकतो. तसं. सोबत जे ल्यूकोव्होरिन देतात ते फोलेट व्हिटॅमिनचं एक रूप आहे, ते ही अडकण आणखी घट्ट करतं. कॅपेसिटाबिन आणि एस-वन ही याच औषधाची तोंडाने घ्यायची भावंडं.

या कुळाचं मूळ आणखी मागे जातं. १९४८ मध्ये बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्यूकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांना फोलेटची नक्कल असलेलं अमिनोप्टेरिन दिलं आणि काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना ओसरला. ते औषध बनलं होतं लेडर्ले प्रयोगशाळेत, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांमध्ये हे नाव जितकं सांगावं तितकं थोडं. मुलांच्या ल्यूकेमियात आजही वापरलं जाणारं अ‍ॅस्पॅरजिनेज तर शब्दशः उपासमारीचं औषध आहे: रक्तातलं अ‍ॅस्पॅरजिन हे अमिनो आम्ल ते संपवून टाकतं, निरोगी पेशी स्वतःपुरतं बनवतात, ल्यूकेमियाच्या पेशींना ते पुरेसं जमत नाही. उपासमार चालते ती अशी, जिथे एक घटक गाठीला बाहेरून लागतो आणि पेशंटला लागत नाही. ग्लुकोज दोघांनाही लागतं. सगळी अडचण तिथे आहे.

म्हणूनच नवी औषधं आली आणि बरीचशी आपटली. तुम्ही विचारलंत म्हणून जठराचंच सांगतो. एमटॉर मुकादमाला गप्प करणारं एव्हरोलिमस हे औषध जठराच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये ६५६ पेशंटवर तपासलं, निकाल २०१३ मध्ये आला. औषध मिळालेल्यांचं मध्यम आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ५.४ महिने, डमी गोळी मिळालेल्यांचं ४.३. हा फरक खरा म्हणावा इतका पक्का नव्हता. मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये ग्लुटामिन अडवणारं औषध हरलं, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये मायटोकॉन्ड्रियावरचं औषध हरलं. जिंकली ती आयडीएच नावाचं एन्झाइम अडवणारी औषधं, रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये आणि मेंदूच्या काही गाठींमध्ये. तिथे एन्झाइमच बिघडलेलं असतं आणि निरोगी पेशींमध्ये ते बिघडलेलं रूप नसतं. जठराच्या कॅन्सरमध्ये हा बदल क्वचित सापडतो.

२-डीजी तुम्हाला आठवत असेल. मे २०२१ मध्ये कोविडसाठी तातडीची परवानगी मिळालेली डीआरडीओची पावडर. पेट स्कॅनच्या ग्लुकोजचाच तो भाऊ, फ्लोरिन नसलेला. पेशीत शिरतो आणि पुढची वाट अडवतो. दिल्लीच्या इन्मास संस्थेत त्याच्यावर आधी काम झालं ते कॅन्सरसाठीच, मेंदूच्या गाठींना रेडिएशन देताना सोबत. पण गाठीला पुरेल इतका डोस द्यायला गेलं तर मेंदूलाही साखर मिळेनाशी होते, घाम फुटतो, गळून जायला होतं. जठराच्या कॅन्सरसाठी ते आज औषध नाही.

इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडणाऱ्या उपचाराच्या, बाबतीत तर आणखी एक गुंता आहे. गाठीवर तुटून पडणाऱ्या आपल्या टी-पेशीही लढायला उठल्या की वारबुर्गच्याच पद्धतीने ग्लुकोज ओढतात. ग्लुकोजची वाट सरसकट बंद केली तर शिपाईसुद्धा उपाशी.

पॅकेजबद्दल. मेटफॉर्मिन मायटोकॉन्ड्रियाचा वेग कमी करतं हे खरं, पण प्रयोगशाळेत बशीतल्या पेशी मारायला वापरलेलं प्रमाण गोळी घेऊन रक्तात कधी गाठताच येत नाही. मधुमेह नसलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटवर मोठी चाचणी झाली, साडेतीन हजारांहून जास्त बायका, २०२२ मध्ये निकाल: फायदा नाही. अप्पांना मधुमेह असेल तर मधुमेहासाठी घ्यावं, नसेल तर नको, कारण ते भूक मारतं आणि जुलाब करतं, आणि या दोन्ही गोष्टी त्यांना परवडणाऱ्या नाहीत. व्हिटॅमिन सी बद्दल १९७० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्यामुळे मोठी आशा निर्माण झाली, मग मेयो क्लिनिकने तोंडाने देऊन दोनदा नीट तपासलं, काही निघालं नाही. शिरेतून दिल्यावर रक्तातलं प्रमाण खूप वर जातं म्हणून ते पुन्हा तपासलं जातंय, पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधल्या मोठ्या चाचणीत केमोला जोडूनही सरसकट फायदा दिसला नाही. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या माणसाला मोठा डोस दिला तर लाल पेशी फुटतात, आणि असे लोक आपल्याकडे आहेत. त्या सलाईननंतर ग्लुकोमीटर खोटा जास्त आकडा दाखवू शकतो, त्यावर कुणी इन्सुलिन टोचलं तर घात होईल. जंताच्या गोळीबद्दल एवढंच: ती माणसासाठी नाही, ती घेऊन लिव्हरला इजा झालेल्यांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि केमो चालू असलेल्या माणसाचं लिव्हर आधीच कामात असतं.

केमो मात्र थांबवू नका. फ्लॉटचे चार डोस ऑपरेशनआधी आणि चार नंतर, अशी पद्धत जर्मनीत ७१६ पेशंटवर जुन्या केमोशी ताडून पाहिली. मध्यम आयुष्य ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर गेलं. अप्पांच्या टप्प्यावर हा बरं करण्याच्या हेतूने दिलेला उपचार आहे. शंका असेल तर दुसरं मत जरूर घ्या. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल तासा-दीड तासावर आहे, मुंबईला टाटा आहे. कुणी 'नवी चयापचयाची थेरपी, चाचणी चालू आहे' म्हणालं तर भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी नोंदणीतला तिचा क्रमांक मागा. नोंदलेल्या नव्या औषधाच्या चाचणीत पेशंटकडून त्या औषधाचं पॅकेज म्हणून पैसे घेत नाहीत. क्रमांक मागितल्यावर आवाज बदलतो, तेव्हा समजून जायचं.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं. अप्पांच्या बाबतीत आज ताबडतोब ज्याच्यावर उपचार करायला हवा ते चयापचय गाठीचं नव्हे, अप्पांचं आहे. कॅन्सरमध्ये शरीर जाळण्याकडे झुकतं, स्नायू वितळतात, भूक मरते. नुसतं "खा, खा" म्हणून हे पूर्ण थांबत नाही, पण उपास घडवला तर वेग वाढतो. ५३ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १३०० ते १६०० कॅलरी आणि ५५ ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. महिनाभराच्या उपासानंतर एकदम भरपूर वाढू नका. अशा शरीराला अचानक खाणं मिळालं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम कोसळतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. या तिन्हींची तपासणी करून घ्या आणि चार-पाच दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवा.

गाठ जठराच्या दाराशी आहे, म्हणून कडक भाकरी नको, कितीही आवडती असली तरी. ताजी मऊ भाकरी दुधात किंवा आमटीत पूर्ण भिजवून कुस्करा. आंबील, तूप घातलेली पातळ मुगाची खिचडी, दही, अंडी. शेंगाचटणी आपल्या घरात असतेच. तिखट नसलेला बारीक कूट करा आणि दह्यात, खिचडीत, आमटीत घाला: १०० ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास २५ ग्रॅम प्रथिनं असतात, इतका स्वस्त प्रोटीन पावडरचा डबा दुकानात मिळणार नाही. दिवसातून सहा-सात वेळा, वाटी-वाटीने. मटणाचं पातळ सूप पाजून समाधान मानू नका. त्यात प्रथिनं फार थोडी असतात, पाणी पेशंटला आणि मटण घरच्यांना, असं आपल्याकडे सर्रास चालतं. साखर-गूळ चालेल, मधुमेह नसेल तर. काल खाल्लेलं आज तसंच उलटून पडत असेल तर दार बंद होत आलंय, मग आहाराचे सल्ले गुंडाळून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, नळीने खाणं द्यावं लागेल.

भूक पूर्ण मेली असेल तर ओलान्झपिनबद्दल डॉक्टरांना विचारा. हे मानसिक आजाराचं जुनं, स्वस्त औषध. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये जठर, लिव्हर-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटना केमोसोबत रोज फक्त अडीच मिलिग्रॅम १२ आठवडे दिलं. वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलेले ६० टक्के निघाले, डमी गोळीवाल्यांत ९ टक्के. २०२३ ची चाचणी आहे ही, आणि आपल्यासारख्याच पेशंटवरची. झोप येते, म्हणून रात्री देतात. पॅकेजमधल्या कुठल्याही गोष्टीपाठीमागे जठराच्या कॅन्सरच्या पेशंटवरचा इतका चांगला पुरावा मी पाहिलेला नाही.

साखर जपायची वेळ पुढे येईल, पण वेगळ्या कारणाने. जठर काढल्यावर गोड सरबत, चहा थेट आतड्यात कोसळतो आणि धडधड, घाम, चक्कर येते. तेव्हा गोड पेयं कमी, कोरडं खाणं आणि पाणी वेगवेगळं. जठर पूर्ण काढलं तर बी-१२ तोंडाने नीट शोषलं जाणार नाही, त्याची इंजेक्शनं जन्मभर. (मेटफॉर्मिन लांब चाललं तर तेही बी-१२ कमी करतं.)

तिसऱ्या डोसला जाताना दोन कागद न्या. पहिल्यावर आजचं वजन. केमोचा डोस उंची-वजनावरून काढतात, अकरा किलो उतरल्यावर जुन्या आकड्यावर डोस जाता कामा नये. दुसऱ्यावर अप्पा घेत असलेली प्रत्येक गोळी, चूर्ण, टॉनिक. विशेषतः फोलिक अ‍ॅसिड असलेलं कुठलंही टॉनिक, कारण त्याने ५-एफयूची विषबाधा वाढू शकते. आधीच्या दोन डोसांत तोंड सोलवटणं किंवा जुलाब फार झाले असतील तर डीपीडी या एन्झाइमची तपासणी झाली आहे का तेही विचारा. ५-एफयू मोडणारं ते एन्झाइम काही जणांत जन्मतःच कमी असतं, आणि त्यांना नेहमीचा डोस झेपत नाही.